वाळवी लागलेली मडम

लंडनजवळ क्रॉयडनमध्ये मी नऊ वर्षं गोऱ्या लोकांच्या चेहऱ्यांना रंग लावला, आणि तो रंग माझ्या थुंकीत कालवलेला होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझ्याबद्दल उगाच कळवळा यायला नको.

काम असं होतं. हाय स्ट्रीटपासून दोन गल्ल्या आत एका फोटोग्राफरचा स्टुडिओ होता. खाली लग्नं आणि पासपोर्ट, वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीशी माझं टेबल. लोक जुने, फाटके, डाग पडलेले फोटो आणून द्यायचे. मालक त्या फोटोचा फोटो घेऊन मोठी प्रिंट काढायचा. त्या प्रिंटवरच्या चिरा, खड्डे, डाग बारीक ब्रशने बुजवायचं काम माझं. ते झालं की दुरुस्त प्रिंटचा पुन्हा फोटो, त्याची नवी निगेटिव्ह, आणि गिऱ्हाइकाच्या हातात नवाकोरा जुना फोटो. या कामात ब्रशला टोक लागतं, आणि ते यायला तो सारखा जिभेवर फिरवावा लागतो. नुसत्या पाण्याने तसं टोक येत नाही. माझ्या आधीची बाई तसंच करायची, तिच्या आधीचीही. पहिल्या दिवशी मला मळमळलं. आमच्या सांगलीच्या घरात उष्ट्या हाताने वाढायचं नाही, तोंड लावलेलं भांडं माठात बुडवायचं नाही, या शिस्तीत मी वाढलेली. पण आठवड्याभरात मळमळ गेली आणि मजा वाटायला लागली. ज्यांच्या क्लबाची पायरी माझ्या वडिलांना चढू दिली नसती, त्यांच्या आजोबांच्या गालांना मी सकाळपासून उष्टं लावत होते, आणि ते लोक मला थँक्यू म्हणून ते घरी नेत होते.

साठचं दशक उतरणीला लागलं तसे आफ्रिकेतून वसाहतवाले परत यायला लागले. देश त्यांच्या हातून गेले होते, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. सर्रेमधल्या बंगल्यांत ते येऊन राहिले आणि पत्र्याच्या ट्रंकांतून आईबापांचे, आजाआजींचे फोटो बाहेर निघाले. उन्हाने तडकलेले, बुरशी आलेले, कडा किड्यांनी खाल्लेले. मालक ते सगळे माझ्याकडे पाठवायचा. त्याच्या हिशेबी केनिया, ऱ्होडेशिया, आसाम आणि सांगली ही एकाच आळीतली घरं. "हे तुमच्या बाजूचं आहे," म्हणून तो पाकीट टेबलावर ठेवायचा. मी आफ्रिका विमानाच्या खिडकीतूनसुद्धा पाहिलेली नव्हती. तसं त्याला एकदा सांगितलं, तर "पण हवा तीच ना?" म्हणाला. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय.

एक फोटो बघितला की सगळे बघितल्यासारखे होते. मध्ये खुर्चीत बाप, गुडघ्यावर आडवी बंदूक, पायाशी मेलेलं काहीतरी. शेजारी आई, तसल्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेली. पोरांच्या अंगात खलाशाचे पोशाख, समुद्र तिथून आगगाडीने दोन दिवस लांब. मागे घर, घरामागे डोंगर, आणि डोंगराकडे पाठ करून बसण्याची ती मालकीची ऐट. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, पण नागोबा निदान बिळाबाहेर खुर्च्या मांडून बायकापोरांसकट फोटो तरी काढून घेत नाही. कधी चौकटीच्या कडेला एखादा नोकर अर्धामुर्धा आलेला असायचा, आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं असायचं, तेवढं जरा कापून टाका. मला सगळ्यांत हसू यायचं ते या लोकांच्या तोंडांचं. दुसऱ्याच्या जमिनीवर फुकट बसलेला माणूस जरा खूश दिसायला हवा की नको? हे सगळे चार दिवस पोट साफ न झाल्यासारखे.

आमचे लोक काही कमी नव्हते, तेही सांगते. माझा नवरा डॉक्टर, हॉस्पिटलात नोकरीला. त्याच्याबरोबरचे आमचे महाराष्ट्रीय डॉक्टर रविवारी शेजाऱ्याच्या गाडीला टेकून फोटो काढायचे आणि गाडी आपली असल्याच्या थाटात पुण्याला पाठवायचे. त्यांच्या बायका साडीवर ओव्हरकोट घालून फ्रिजला हात लावून उभ्या राहायच्या. मी मात्र त्यातली नाही, असं मला वाटायचं. चेहरे दुरुस्त करणाऱ्या बाईला आपल्याला सगळं कळतं असं फार लवकर वाटायला लागतं.

मग एका फेब्रुवारीत माझी आई गेल्याची तार आली.

मी गेले नाही. नवऱ्याची परीक्षा तोंडावर होती, मुलीला गोवर होता, आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं. कारणं खरी आहेत. पण मी गेले नाही, हे त्यांच्यापेक्षा जास्त खरं आहे. तीन आठवड्यांनी भावाचं पत्र आलं. त्यात त्याने एकच गोष्ट मागितली होती. वडिलांचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्या शेजारी आईचा लावायचा, वर्षश्राद्धाच्या आत तरी लावायचा, पण घरात आईचा एकही फोटो नाही. तुझ्याकडे असेल तर पाठव.

माझ्याकडेही नव्हता. आमच्याकडे कुणी कॅमेरा घेऊन आलं की आई म्हणायची, "मी कशाला? तुम्ही राहा उभे, मी चहा टाकते." माझ्या लग्नाच्या फोटोंत सगळं गाव आहे, आई नाही. ती आत वाढपाकडे बघत होती. मी इकडे यायला निघाले तेव्हा विमानतळावर काढलेल्या एका फोटोत ती आहे, पण ऐन वेळी डोळ्यांना पदर लावून वळली, त्यामुळे आली ती पाठ आणि अंबाडा. परक्यांच्या आज्यांना दिवसाला तीन या वेगाने डोळे घालणारी बाई मी, आणि माझ्या आईचा चेहरा जगात कुठे म्हणजे कुठे नव्हता. मी भावाला लिहिलं, थांब, मी हाताने काढून पाठवते.

दोन रविवार बसले. एकदा आई पोस्टाच्या तिकिटावरच्या देवीसारखी झाली, एकदा माझ्या सासूसारखी. दोन्ही कागद फाडले.

ती मडम आली ती त्याच सुमाराला, मार्चमध्ये. सत्तरीची, ताठ, ट्वीडचा कोट. टॉवेलात गुंडाळलेला फोटो तिने तान्ह्या मुलासारखा आणला होता. मालकाने मला खाली बोलावलं. "लंडन आता आपलं राहिलेलं नाही," ती त्याला सांगत होती, "बसमध्ये चढलं की एक चेहरा ओळखीचा दिसत नाही." मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तुमच्याबद्दल नाही हं म्हणत मी, डिअर." चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्या होत्या, पण इतक्या गोड आवाजात पहिल्यांदाच.

फोटो नेहमीचाच. लाकडी घराच्या पायऱ्या, बाप, बंदूक, दोन मुलगे, आणि आईच्या मांडीवर तान्ही मुलगी, म्हणजे ही. फक्त आईला चेहरा नव्हता. चौकटीच्या मागून वाळवी शिरली होती आणि कपाळापासून ओठांपर्यंत गोल भोक पाडून गेली होती. वर केसांचा डोलारा शिल्लक, खाली हनुवटी आणि लेसची कॉलर, मध्ये पुठ्ठा.

"मी चार वर्षांची असताना ती वारली," मडम म्हणाली. "वडिलांनी दुसरं लग्न केलं. नव्या बाईने सगळं जाळलं. हा एवढा एक आयाने ट्रंकेच्या तळाशी लपवला होता."

"दुसरा कुठलाच फोटो नाही?" मी विचारलं. "बहीण, मावशी, कुणी त्यांच्यासारखं दिसणारं?"

"नाही."

"तुम्हाला काय आठवतं?"

"तिचे डोळे प्रेमळ होते," ती म्हणाली.

सगळ्यांच्याच आईचे असतात. त्याने कुणाचा चेहरा काढता येत नाही.

मालकाकडे अशा अडचणींसाठी एक खण होता. न नेलेल्या प्रिंटांमधून कापलेले सुटे चेहरे त्यात ठेवलेले असायचे, शिंप्याकडे बटणं असतात तसे. "कुठलाही एक बरासा बसव," तो म्हणाला. "तिला काय ठाऊक?" मी दोन-तीन लावून पाहिले. एक फार तरुण होता, एकीची मान दुसरीकडे वळलेली, तिसरी इतकी तुसडी की चार वर्षांच्या मुलीने तिच्यासाठी सत्तर वर्षं कशाला रडावं? शेवटी मी ब्रश उचलला, जिभेवर फिरवला आणि मनात म्हटलं, चल, कर काहीतरी आणि दे घालवून. त्या बाईची मला चीड होती. तिच्या आईशी मला काही कर्तव्य नव्हतं.

आणि बहुतेक म्हणूनच हात मोकळा झाला. आधी डावी भुवई आली, उजवीपेक्षा किंचित वर. मग डाव्या डोळ्याची जराशी उतरलेली पापणी. नाकाच्या शेंड्याशी देवीचा एक बारीक व्रण. दुपारी जेवायला उठताना लांबून बघितलं. पायऱ्यांवर, त्या बंदूकवाल्याच्या शेजारी, त्याची पोर मांडीवर घेऊन माझी आई बसली होती.

मला तिथे थांबता आलं असतं. सगळं खरवडून खणातली तुसडी बाई लावता आली असती. मी थांबले नाही. चार दिवस मी तोच चेहरा करत होते. कपाळाच्या मध्यावर हाताने सवयीने एक गडद ठिपका टेकवला, तेव्हा मात्र दचकले आणि पात्याने तो खरवडला. पूर्ण गेला नाही, सावलीसारखा थोडा राहिलाच.

सोमवारी मडम येणार होती. शुक्रवारी निगेटिव्ह तयार झाली. घरी नवऱ्याला सांगितलं.

"अगं, मग एक एक्स्ट्रा कॉपी काढून घे ना," तो म्हणाला. "सांगलीला पाठव. प्रॉब्लेम सॉल्व्ह."

"तसल्या ब्लाऊजमध्ये? त्या माणसाच्या शेजारी? अहो, आईला भिंतीवर मडम करून लावायची?"

"नुसता चेहरा घे. कॉलर कापून टाक."

"नको. एकदा जमलंय, आता पुन्हा काढीन. नीट. नऊवारीत, कुंकू लावून. त्या बाईच्या फोटोतलं उरलंसुरलं मला नकोय."

"बघ बाई," तो म्हणाला, आणि पुस्तकात डोकं घातलं.

शनिवारी अर्धा दिवस मी स्टुडिओत होते. निगेटिव्ह माझ्या टेबलावर होती. दहा मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही, कारण मला त्या लोकांचं काही नको होतं. इतका माझा ताठा. त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते कळायला वेळ लागला.

सोमवारी मडमेने फोटो उजेडात धरला आणि मट्कन खुर्चीत बसली. "मम्मी," ती म्हणाली. सत्तर वर्षांच्या बाईच्या तोंडून तो शब्द ऐकायला कसंतरीच वाटतं. मग तिने त्या सावलीवर बोट ठेवलं. "ही आठी! काळजी करताना तिला इथे आठी पडायची. तुम्हाला कसं कळलं?" ती रडत होती. माझ्या आईचं कुंकू हिच्या आईची आठी झालं होतं. मी जिभेच्या टोकापर्यंत आलेलं गिळलं आणि खांदे उडवले. जाताना तिने मी रंगवलेली प्रिंट आणि निगेटिव्हही मागून घेतली. घरची माणसं अशी दुकानात पडून राहिलेली तिला चालणार नव्हती. मालकाने सगळं पाकिटात घालून दिलं.

त्यानंतर मला आई काढता आली नाही. वर्षश्राद्ध झालं, दुसरं झालं. भाऊ प्रत्येक पत्रात शेवटच्या ओळीत विचारायचा, मग विचारायचा थांबला. मी कागदावर कागद बिघडवले. भुवई जमायची तर पापणी नाही, पापणी जमली की तो चेहरा दुसऱ्याच कुणाचा. त्याहून वाईट एक झालं. डोळे मिटून आई आठवायला गेले की ती मला लेसच्या कॉलरीतच दिसायला लागली. मी स्वतःच्या हाताने तिला घरातून उचलून त्यांच्या पायऱ्यांवर बसवली होती. त्यांनी डोंगर बळकावला, जमीन बळकावली. ही मात्र त्यांनी माझ्याकडे मागितलीसुद्धा नव्हती.

सहा वर्षांनी मालक म्हातारा झाला आणि स्टुडिओ बंद करायला निघाला. त्याची जुनी वही चाळताना मडमेचा पत्ता सापडला. मी तिला पत्र टाकलं की तुमच्याकडे असलेलं माझं काम बघायला यायचं आहे. तिने उलट टपाली चहाला बोलावलं.

सर्रेमधला बंगला. फाटकावरच्या पाटीवर आफ्रिकेतल्या शेताचं नाव. आत हरणांची शिंगं, ढाली, भाले, ढोलांच्या वर ठेवलेल्या फुलदाण्या, चोरबाजाराला लाजवेल असं दुकान. आणि शेकोटीच्या वर, सगळ्यांच्या मधोमध, तो फोटो. फक्त चेहरा, मोठा करून घेतलेला. नवरा, बंदूक, डोंगर, काही नाही. माझी आई एकटी भिंतीवर होती, खाली ताजी फुलं ठेवलेली.

मडम आता काठी घेऊन चालत होती. चहा ओतताना ती बोलतच होती. मम्मीला घोडे आवडायचे. मम्मी पियानो वाजवायची. मम्मी कुणावर कधी आवाज चढवायची नाही. माझी आई गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडायची. मी मान डोलावत राहिले.

शेवटी मी म्हणाले, "मला याची एक कॉपी मिळेल का? माझ्या कामाचा नमुना म्हणून. माझ्याकडे एकही राहिलेला नाही."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. खरंच मायेने ठेवला, ते नाकारता येत नाही. "तुमचे उपकार मी विसरणार नाही, डिअर. पण तो देणार नाही मी कुणाला. फॅमिलीसाठीच आहे तो. तुम्ही समजू शकाल."

एक वाक्य पुरलं असतं. बाई, ही माझी आई आहे, सांगलीची, तुमच्या आईला वाळवीने खाल्लं, संपलं. सहा वर्षं मी ते वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं, आणि ऐकताना तिचं तोंड कसं होईल तेही मनात शंभरदा रंगवलं होतं. मी शेकोटीवर बघितलं. ते वाक्य बोलले असते तर त्या म्हातारीने तो फोटो संध्याकाळच्या आत खाली उतरवला असता, माळ्यावर तरी टाकला असता नाहीतर कचऱ्यात. मग तो कुठल्याच भिंतीवर राहिला नसता. मला तिची दया आली म्हणून मी गप्प बसले, असं कुणी म्हणू नये. सांगलीच्या भिंतीवर जागा रिकामी होती ती माझ्यामुळे. इथे निदान फुलं होती.

"समजू शकते," मी म्हणाले आणि कप खाली ठेवला.

ती दारापर्यंत पोचवायला काठी शोधत होती तेवढ्यात मी कोट घातला आणि भिंतीकडे वळले. आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत.

"येते हं," मी म्हणाले.

मडमेला वाटलं मी तिलाच काहीतरी म्हणाले. "बाय बाय, डिअर," ती म्हणाली.